सेनापतीकाकांचा क्लेम

हरलेली लढाई पुन्हा लढणारा माणूस मराठी मुलखात नाक्यानाक्यावर भेटतो. सकाळच्या विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेला असला तरी तो पानिपतावर भाऊंना हत्तीवरून उतरू देत नाही, आणि बोरिवली यायच्या आत अब्दालीला अटकेपार हाकलून मोकळा होतो. विरारजवळ चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगमधले सेनापतीकाका याच गोत्रातले. फरक एवढाच, की तोंडी दावा त्यांना चालत नाही.

उभी हयात त्यांनी एका विमा कंपनीत क्लेम तपासण्यात घातली. फाइलीत कागद नसेल, तर डोळ्यांदेखत जळालेलं दुकानही ते जळालं असं मानत नसत. रिटायर झाल्यावर फाइली सुटल्या, तपासणी सुटली नाही. आता त्यांच्यापुढे एकच प्रकरण आहे : असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803. दावेदार दौलतराव शिंदे. विरुद्ध पक्ष आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ज्याने वॉटर्लूला नेपोलियनला पाडलं तो वेलिंग्टन.

सुनावणी डायनिंग टेबलावर चालते. सहा बाय चारचं टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि काकूंच्या जुन्या साडीचे निळे काठ कापून केलेल्या केळना आणि जुई या दोन नद्या. शिपाई इंग्लंडहून मागवलेले, नखाएवढे, पंधरा मिलिमीटरचे. तीन शून्यांच्या ब्रशने, भिंगाखाली धरून काकांनी त्यांच्या मिशासुद्धा रंगवल्यात. जेवणं ओट्याजवळ उभ्यानं होतात.

खेळ तसा जुना. 1824 साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने लष्करी अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ मांडला. 1913 मध्ये एच. जी. वेल्सने दिवाणखान्यातल्या शिपायांच्या लढायांचं पुस्तक काढलं. त्यात खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी मारून शिपाई पाडायचे. आता गोळी गेली, फासे आणि इंचाची टेप आली. बटालियन एका खेपेत किती इंच चालेल, किती मार खाल्ला की पळेल, हे नियमांचं पुस्तक सांगतं. नुसत्या नेपोलियनच्या काळावर अशी पुस्तकं डझनावारी आहेत. त्यातली बरीच काकांच्या कपाटात आहेत, आणि एकही त्यांना पसंत नाही.

"जग वॉटर्लू खेळतं, तुम्ही असईच का?" असं विचारलं की काका हद्दीचा मुद्दा काढतात. "हे बघ, 1802च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्यापाशी पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज मोडली. बाजीराव पळाले. 31 डिसेंबरला इंग्रजांशी तह कुठे केला? आपल्या वसईला. त्या तहातून पुढची लढाई. म्हणजे प्रकरण आपल्या हद्दीतलं की नाही?" थर्टीफर्स्टला अख्खी बिल्डिंग गच्चीवर नाचते, तेव्हा काका पावभाजीची प्लेट धरून सुतकी चेहऱ्याने कोपऱ्यात उभे असतात. नवीन भाडेकरूंना वाटतं, घरात काही बरंवाईट झालं असावं.

नवं पुस्तक आलं की मला बोलावणं येतं. मी वेलस्ली. काका पोलमन, म्हणजे शिंद्यांच्या कवायती पायदळाचा हॅनोव्हरी सेनापती. वेलस्ली व्हायला बिल्डिंगमध्ये दुसरं कुणी तयार नसतं.

पहिली हरकत मापाची. 'ब्ल्यूखर' या पुस्तकात एक तुकडी म्हणजे अख्खी ब्रिगेड. माझं झाडून सगळं सैन्य तीन-चार तुकड्यांत आटोपलं आणि चहा गार व्हायच्या आत निकाल लागला. "मग मी मिशा कशाला रंगवल्या?" म्हणून काकांनी ते पुस्तक मिटलं. 'शार्प प्रॅक्टिस' उलट्या टोकाचं. त्यात जेमतेम कंपनीभर माणसं आणि एकेक नाईक-हवालदार मोजायचा. त्या हिशेबाने वेलस्ली दिवाळीपर्यंत केळनेच्या उतारावरच अडकला असता. तिसऱ्यात एक शिपाई म्हणजे वीस माणसं. हे माप काकांना पटलं, पण काकूंनी भाजी निवडता निवडता हिशेब केला : शिंद्यांचं पायदळ दहा हजार धरलं तर पाचशे शिपाई, आणि तीस हजार स्वार धरले तर दीड हजार घोडे. "घोडे ठेवायला बाथरूम आहे, पण मग आंघोळ जीवदानीच्या पायथ्याशी," त्या म्हणाल्या. ते पुस्तकही मिटलं.

शिवाय प्रत्येक पुस्तकाला शिपायाच्या पायाखालची चकती वेगळ्या मापाची लागते. काका जुन्या चकत्या ब्लेडने उचकटतात, नव्या फेविक्विकने चिकटवतात. या बदलीत घोट्यात मोडलेल्या शिपायांची संख्या लढाईत पडलेल्यांपेक्षा जास्त आहे.

दुसरी हरकत हुकमाची. असईत वेलस्ली पूर्वेकडून नदी उतरून बगलेवर आला, तेव्हा पोलमनने आपली सगळी फळी काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली. हे मराठी सैन्याला जमेल असं वेलस्लीला वाटलं नव्हतं. 'ब्लॅक पावडर'मध्ये हुकूम आधी मोठ्यांदा बोलायचा आणि मग दोन फासे टाकायचे. दोन्हींवर सहा पडले की घोटाळा, तुकडी भलतीकडेच चालू लागते. माझे दोन सहा पडले आणि माझी 74वी पलटण थेट असई गावच्या तोफांच्या तोंडी गेली. खऱ्या लढाईतही ती तशीच भरकटून तिथे कापली गेली होती. काका खुर्चीतून उठले. "अभ्यासू पुस्तक आहे रे!" पुढच्याच खेपेला दोन सहा त्यांना पडले आणि पोलमनची फळी वळायच्या ऐवजी जुईच्या पाण्यात उतरली. "असल्या पुस्तकाला छापतात कोण?"

पण सगळी पुस्तकं खरी अडतात ती श्रीखंडाच्या डब्यापाशी. पडलेले शिपाई काका त्या डब्यात टाकतात. आता असईचा पुरावा असा, की गोरे तोफांवरून पुढे निघून गेले तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे गोलंदाज उठले आणि त्याच तोफा त्यांनी पाठमोऱ्या गोऱ्यांवर डागल्या. "म्हणजे हे चौघे डब्यातून परत यायला हवेत," काका म्हणतात. "कलम दाखव." मी पानं उलटतो. मेलेला माणूस उठवायचं कलम कुठल्याच पुस्तकात नाही. काका डब्याचं झाकण उघडं ठेवून माझ्याकडे असं बघतात, जणू ते चौघे मीच अडवून धरलेत.

तरीही डाव कधीकधी पुरा होतो, आणि तिथेच खरी पंचाईत. वेलस्ली जिंकला की काका म्हणतात, "पुस्तक साहेबाचं, निकालही साहेबाचा." एकदा मात्र शिंदे जिंकले. माझे गोरे केळनेपार पळाले. मी पेढे मागितले. काका बराच वेळ टेबलाभोवती फिरले, एकेका पलटणीपाशी वाकून पाहिलं, आणि पडेल आवाजात म्हणाले, "नाही रे. हे काही खरं वाटत नाही. पास नाही करता येणार." जिंकायची एवढी हाव आणि खोटा क्लेम मंजूर न करण्याची एवढी खोड एकाच माणसात ठेवून देवाने काय साधलं, कोण जाणे.

शेवटी काकांनी दोनशेपानी वही आणली आणि स्वतःचे नियम लिहायला घेतले. नियम 1 : शिंदे आणि नागपूरकर भोसले लढाई ऐन भरात असताना मैदान सोडणार नाहीत. नियम 2 : होळकर मदतीला येतील. नियम 3 : इंग्रजांच्या जाहीरनाम्याला भुलून शिंद्यांची नोकरी सोडून गेलेले गोरे अधिकारी परत हजर होतील. वाचून दाखवताना त्यांचा आवाज भरून आला होता. या नियमांवर इंग्रज लंडनपर्यंत पळाले असते.

मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. पुढच्या खेपेला वही पाहिली, तर तिन्ही नियमांवर तांबडी फुली आणि समासात शेरा : 'पुरावा नाही. इच्छा आहे.' खाली चार नियम शाबूत होते : फळी काटकोनात वळेल, तोफा अचूक लागतील, पडलेले गोलंदाज एकदा उठतील, आणि जिंकला तरी वेलस्लीची दीड हजारांवर माणसं ठार-जखमी होतील. या चारही गोष्टींची साक्ष खुद्द इंग्रजांच्या कागदात आहे.

सगळ्यात तळाशी सही-तारखेसकट निकाल होता : 'पायदळ व गोलंदाज यांचा क्लेम मंजूर. सरदारांचा नामंजूर.'

काकूंनी हात पुसत पुसत वाचलं. "म्हणजे जिंकलात की हरलात? आणि मला टेबल कधी मिळणार?"

"अंशतः मंजूर," काका म्हणाले, आणि अपिलासाठी आणखी एक पुस्तक मागवायला मोबाईल उघडून बसले.