मागचं हाय ते ऱ्हाऊ दे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुपारी चारच्या सुमाराला कुठल्याही गॅरेजच्या दारात जा, एक आबा भेटतील. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशावर ग्रीसचा डाग. शर्ट रोज बदलतो, डाग तोच असतो. समोर बॉनेट उघडी टाकलेली जुनी विलीज जीप आणि तिच्याभोवती चारजण असे वाकलेले, की वाटावं आत कुणाचं तरी पोट फाडलंय.

आमच्या आबांची जीप सीजे थ्री बी, म्हणजे उंच नाकाची. महिंद्रनं १९४९ मध्ये माझगावला विलीज जोडायला घेतल्या. पुढं हे उंच नाकाचं मॉडेल आलं. अमेरिकेत ते १९६८ साली बंद पडलं, आपल्याकडं मात्र नंतरही वर्षानुवर्षं निघत राहिलं. नाक उंच का, तर विलीजचं नवं हरिकेन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून कंपनीनं बॉनेटच वर उचललं. आबांना ही गोष्ट फार आवडते. आधी मोठं इंजिन घालायचं आणि मग गाडीनं त्याच्याशी जुळवून घ्यायचं, हा नाद खुद्द कंपनीनं लावलाय. आपण फक्त परंपरा चालवतोय, असं त्यांचं म्हणणं.

तर परंपरा चालवण्यासाठी त्यांनी अपघातात चेपलेल्या एका स्कॉर्पिओचं इंजिन आणलं. २६०९ सीसी, शंभरावर घोडे. मूळचं हरिकेन २१९९ सीसीचं, सत्तरीतलं. कागदपत्रांत मात्र आबा पक्के. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आधी परवानगी लागते, ती त्यांनी काढली, पुस्तकात नोंद करून घेतली, आणि तो कागद लॅमिनेट करून शर्टच्या खिशात ठेवला. डागाच्या मागं.

गॅरेजच्या मिस्त्रींनी सगळं काम मुकाट्यानं केलं. फक्त एकदा, पान्यावरून नजर न काढता, विचारलं, “आबा, मागच्या एक्सलचं काय करायचं?”

“मागचं हाय ते ऱ्हाऊ दे. स्पायसर चव्वेचाळीस हाय त्यो! आमी वर गेलो तरी त्येला काय हुईत न्हाई.”

आबा ज्या जातीचे आहेत तिची हीच खूण. पैसा जाणार तो बॉनेट उघडल्यावर दिसेल त्याच्यावर. टर्बो, पाइप, क्रोमची टोपी. गाडीखाली चटई टाकून बघावं लागतं त्याच्यावर दमडी नाही. वाकून कोण बघतंय?

पण गंमत म्हणजे आबांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जुन्या जीपचा पहिला गिअर इंजिनाची पीळशक्ती पावणेतीन पटीहून जास्त करतो, लो-रेंजचा दांडा ओढला की वर जवळजवळ अडीच पट, आणि मागचं क्राऊन-पिनियन आणखी ५.३८ पट. सगळा गुणाकार सदतीसच्या घरात जातो. चिखलात रुतलेली जीप बाहेर काढताना तो एक्सल हे सगळं झेलत आलाय. म्हणजे हाय-रेंजमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन आलं तरी त्याला ते नवीन नाही. शिवाय चाकाला जमीन जेवढी धरून ठेवील तेवढाच जोर एक्सलवर येतो. चाक घसरलं की वरचे घोडे नुसते हवेत पाय झाडणार. एक्सल मोडतो तो झटक्यानं. क्लचवरचा पाय एकदम उचलणारा माणूस चाळीस घोड्यांतही शाफ्ट मोडून दाखवतो.

मिस्त्रींनी एवढं काही सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, “आबा, खासबागेच्या मैदानात नुसती छाती बघून कुस्तीची जोड लावत न्हाईत. मांड्या बी बघत्यात.”

“आवो, मांड्या बी दणकट हायत!” आबा म्हणाले, आणि विषय संपला.

पहिली फेरी पन्हाळ्याला. मी शेजारी बसलो होतो, ही माझी चूक. वाघबीळपर्यंत जीप खरंच पाखरासारखी गेली. तिथं एका चकचकीत गाडीतल्या पोरानं शेजारी येऊन रेस दिली. आबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मिशीवरून एक बोट फिरवलं, इंजिन गरजवलं, आणि क्लचवरचा पाय उचलला नाही, काढूनच घेतला.

मागं कट्ट असा आवाज झाला. सुपारी फुटावी तसा.

इंजिन गरजतंय, काटा चाळीसवर गेलाय, आणि जीप जागच्या जागी. जुन्या जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून फिरतो. चाकं फिरतात की नाही याची त्याला चौकशी नसते. आबा काट्याकडं बघून म्हणाले, “चाललीय की!” शेजारून एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आम्हाला ओलांडून गेली.

शेवटी पुढच्या चाकांचा दांडा ओढला आणि फोर व्हीलच्या पुण्याईवर, पुढच्या दोन चाकांच्या जोरावर, लंगडत कोल्हापूर गाठलं.

मिस्त्रींनी ड्रम काढला. क्राऊन-पिनियन शाबूत, हाउसिंग शाबूत, शाफ्टही शाबूत. या जीपचा शाफ्ट टोकाला निमुळता असतो, त्यावर हब बसतो, मध्ये बोटाच्या पेराएवढी लोखंडी चावी, आणि बाहेरून नट. नट करकचून आवळलेला असेल तर हब त्या निमुळत्यावरच पकड धरतो आणि चावीवर फारसा भार येत नाही. आबांच्या नटाला कित्येक वर्षांत कुणी पाना लावला नव्हता. चावी कापली गेली होती, गुळाच्या ढेपेवरून सुरी फिरवावी तशी.

आबांनी तुकडा तळहातावर घेतला, निरखला, आणि आमच्याकडं विजयानं बघितलं. “मी काय म्हनलो हुतो? स्पायसरला काय झालं का?”

मिस्त्रींनी नवी चावी बसवली आणि पान्याला हातभर पाइप घालून नट आवळला. मग हळूच म्हणाले, की आता पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलचं ४३ ला ८ दात्यांचं क्राऊन-पिनियन काढून ४७ ला ११ चं घालू. डिझेल इंजिन हायवेला बोंबलणार नाही आणि पिनियनही जाड येईल. आबा प्रथमच गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतः चटई घेऊन आले.

डॅशबोर्डच्या खणात आता जोतिबाच्या गुलालाच्या पुडीशेजारी डझनभर चाव्या आहेत. आणि या दसऱ्याला राजघराण्याची १९३६ सालची मेबॅक दसरा चौकात आली, तेव्हा सगळं कोल्हापूर तिचं तोंड बघत होतं. आबा मागं रस्त्यावर उकिडवे बसून खाली डोकावत होते. पोलिसानं दोनदा उठवलं.