बोटपंडित

तिरंदाजीच्या मैदानावर बाण मारायला येणारे पुष्कळ असतात, बोटं दाखवायला येणारा एखादाच. वय पंचेचाळिशी-पन्नाशीचं, नोकरी मुरलेली, मुलं शिंगं फुटून परदेशी गेलेली. रविवारी सकाळी तो मैदानात शिरतो तेव्हा भाता आणि धनुष्य मागाहून दिसतात. आधी दिसतात ती उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्ही पांढऱ्या चिकटपट्टीत. आपण नमस्कारासाठी हात पुढे केला की तो आपला हात छातीशी घेतो. "दाबू नका हं, अनामिकेचं पेर अजून ओलं आहे." त्याच्या आजवरच्या गुणांची कुणाला कल्पना नाही, पण त्या पेराला फोड कधी आला, कधी फुटला आणि त्यावर घरच्यांचं काय म्हणणं पडलं, हे मैदानाच्या वॉचमनलाही पाठ आहे.

त्याची पिशवी उघडणं हा एक सोहळाच. दोरी ओढताना बोटांच्या आत धरायचा चामड्याचा तुकडा, म्हणजे टॅब. सामान्य माणसाला तो एक पुरतो, याच्याकडे त्यांची गड्डी निघते. एक साध्या गाईच्या चामड्याचा, एक केसाळ वासराचा आणि एक खास कॉर्डोव्हन. हे चामडं घोड्याच्या पुठ्ठ्याचं असतं ही माहिती तो आवाज खाली आणून देतो, शेजारी घोडा उभा असल्यासारखी. मग तीन बोटांचा मोजा निघतो. मग टाल्कम पावडरचा डबा. टॅबवर पावडर भुरभुरली की दोरी अलगद सुटते हे खरंच आहे, पण हा गृहस्थ इतकी भुरभुरतो की बाण सुटताना मागून कीर्तनातल्या बुक्क्यासारखा लोट उठतो.

त्याला विरोध करायची सोय नाही, कारण इतिहास सगळा त्याच्या बाजूला आहे. विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांच्या बोटांवर अंगुलित्राण होतं, हे वाल्मीकींनी बालकांडातच सांगून ठेवलंय. 1545 साली इंग्लंडात रॉजर अ‍ॅस्कमने धनुर्विद्येवर 'टॉक्सोफिलस' लिहिलं, त्यातही बोटं दुखू नयेत म्हणून मोज्याची चर्चा आहे. जपानी धनुर्धारी हरणाच्या कातड्याचा, अंगठ्यापाशी कडक केलेला मोजा घालतात. लेकीकडे लंडनला गेला तेव्हा राजवाडा त्याने बाहेरूनच पाहिला, पण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शाहजहानची तिरंदाजीची जेडची अंगठी आहे, तिची चौकशी आधी केली. एकलव्याचा विषय निघाला की डोळ्यांत पाणी आणतो. अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी दोरी ओढू लागला, पण पहिली चपळाई राहिली नाही, असं महाभारत सांगतं. "का राहिली नाही?" हा विचारतो आणि आपल्याला उत्तर देऊ न देता स्वतःच म्हणतो, "टॅब नव्हता!"

गंमत अशी की बोटं का दुखतात हे त्याला सरांपेक्षा जास्त कळतं. नवा पोरगा दिसला की त्याला तो बाजूला घेतो. दोरी बोटांच्या टोकांवर लोंबकळू द्यायची नाही, पहिल्या सांध्याच्या खाचेत नीट बसवायची. बाणाचं बूड दोन बोटांत चिमटायचं नाही. मनगट सैल, हाताची मागची बाजू सपाट. अनामिका सरकारी खात्यातली असते, तिला कामाला लावली नाही तर सगळा भार मधल्या बोटावर येतो. सोडताना बोटं झटकायची नाहीत, नुसती ढिली करायची. आणि बधिरपणा आला, मुंग्या आल्या, तर धनुष्य खाली ठेवायचं, कारण मग तो कातडीचा नव्हे, नसेचा मामला झाला. पोरगा भारावतो. मग हा स्वतः धनुष्य उचलतो आणि वरच्यातलं एकही पाळत नाही. पाळता येतच नाही.

कारण ते धनुष्य. बावन्न इंच लांब, घोडेस्वारांच्या पद्धतीचं, पंचेचाळीस पाउंडांचं. म्हणजे दर बाणाला साधारण वीस किलो वजन तीन बोटांवर पेलायचं, तेही बारीक दोरीवरून. त्यात आखूड धनुष्य पूर्ण ओढलं की दोरीचा कोन चिंचोळा होतो आणि बोटं बाणाभोवती चेंगरतात. अशी धनुष्यं वापरणारे तुर्क आणि मंगोल उगाच अंगठ्याने ओढत नव्हते. हे कळल्यावर त्याने अंगठीही मागवली. महिनाभर अंगठा सुजलेला होता.

"काका, पाउंड कमी करा," सर म्हणाले.

तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की सरांनी जणू भर लग्नात त्याचा पगार विचारला. पंचविसाचं धनुष्य पोरासोरांनी धरावं! साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद जिंकलं तेव्हा त्याने पेढे वाटले, पण कंपाउंड धनुष्य बघितलं की नाक मुरडतो. त्यात दोरी यंत्राने सोडतात. बोटांना त्रासच नाही, मग बोलायचं कशावर?

त्याच्याच शेजारी शाळेतली एक मुलगी बांबूच्या धनुष्याने इंडियन राउंडचा सराव करते. टॅब म्हणून कसल्याशा जुन्या पट्ट्याचा कापलेला तुकडा. एकदा याने तिला गाठलंच.

"बोटं दुखत नाहीत गं तुझी?"

"दुखतात की, काका."

"मग काय करतेस?"

"थांबते."

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "या मुलांना विज्ञान कुणी शिकवतच नाही."

हल्ली मात्र त्याच्याकडे नवं धनुष्य आलंय. लांब, देखणं, शिसवी मुठीचं. चिकटपट्ट्या गेल्या, पावडर गेली, बाण मधल्या पिवळ्याच्या आसपास पडू लागले. हा चमत्कार कॉर्डोव्हनचा आहे, असं त्याने जाहीर केलंय. मुठीच्या वर, जिथे पाउंडांचा आकडा छापलेला असतो, तिथे बोटांच्या उरलेल्या चिकटपट्टीचे चार वेढे आहेत. विचारलं तर म्हणतो, "पकड चांगली बसते." पकड त्याच्या चार बोटं खाली आहे.