भांडुपचे कानसेन

रविवारी सकाळी धीम्या लोकलमधून भांडुपला उतरणाऱ्या गर्दीत एखादा पन्नाशीचा गृहस्थ पोटाशी मोठं खोकं कवटाळून, कोणाचा धक्का लागू नये म्हणून आडवा आडवा सरकत जिना चढताना दिसला, तर तो बारशाला निघालाय असं समजू नका. खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर आहे. वजन आठ-दहा किलो. किंमत विचारू नये. गृहस्थ डोंबिवलीचा. बहुतेक जलद गाड्या भांडुपला थांबत नाहीत, म्हणजे ठाण्याला गाडी बदलताना त्याने ते खोकं एकदा उतरवलंय, एकदा चढवलंय, आणि "काका, रॅकवर टाका ना" असं सुचवणाऱ्या पोराला आयुष्यभर लक्षात राहील अशा नजरेने गप्प केलंय. स्टेशनावरचा पोलीस "यात काय?" म्हणून हटकतो तेव्हाही हा माणूस खोटं बोलत नाही. "पाचशे ऐंशी व्होल्ट," असं अभिमानाने सांगतो आणि तिथेच उभं राहून विजेचं भौतिकशास्त्र समजावू लागतो. शेवटी हात पोलीसच जोडतो.

हा कानसेन. गाणं ऐकणारे कानसेन महाराष्ट्राला जुने आहेत. हा त्यांचा लांबचा भाऊबंद. गाणं ज्यातून येतं, ते हा ऐकतो. त्यातही याची शाखा सगळ्यात कर्मठ: इलेक्ट्रोस्टॅटिक.

याच्यासमोर 'हेडफोन' म्हणालात तर तो डोळे मिटून क्षणभर सोसतो. 'इअरस्पीकर' म्हणायचं. स्टॅक्स या जपानी कंपनीने १९५९ साली तोक्योच्या प्रदर्शनात असा पहिला जोड मांडला, पुढच्या वर्षी विकायला काढला, आणि ती हाच शब्द वापरते. ही कंपनी १९३८ सालची. २०११ साली ती एका चिनी कंपनीने विकत घेतली, तेव्हा पंथाने सुतक पाळलं. दहा वर्षांनी त्याच चिनी मालकाच्या अमलात 'एसआर-एक्स९०००' बाजारात आला, तेव्हा सुतक मोडून सगळे रांगेत उभे होते.

कानसेनाला तंत्र विचारू नये. विचारलंच, तर बसून घ्यावं. साध्या हेडफोनात चुंबक असतं, तारेचं वेटोळं असतं आणि वेटोळ्याला चिकटलेला पडदा. इथे वेटोळंच नाही. केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी पातळ, सव्वा-दीड मायक्रॉनची प्लास्टिकची फिल्म. तिच्या दोन्ही अंगांना भोकं पाडलेल्या धातूच्या चकत्या. फिल्मवर ५८० व्होल्टचा स्थिर दाब, आणि चकत्यांवर गाण्याचा दाब उलटसुलट. एक चकती फिल्मला ढकलते तेव्हा दुसरी ओढते, आणि सबंध फिल्म एकदम हलते. तिला वजनच नाही, त्यामुळे स्वर सुरू होतो तेव्हा सुरू होतो आणि थांबतो तेव्हा थांबतो. "म्हणजे कानापासून बोटभर अंतरावर पाचशे ऐंशी व्होल्ट?" असं आपण दचकून म्हणालो की त्याचा चेहरा खुलतो. या प्रश्नासाठीच तो इतका वेळ बोलत होता. "करंट नगण्य असतो हो!"

साहजिकच हे यंत्र मोबाइलला लागत नाही. पाच पिनांची त्याची पिन जगातल्या कुठल्याही साध्या भोकात जात नाही, म्हणून स्वतंत्र अ‍ॅम्प लागतो. अ‍ॅम्प आला की शैव-वैष्णव आले: एक व्हॉल्व्हवाले, दुसरे ट्रान्झिस्टरवाले. ज्यांच्या घरी रविवारची बैठक भरते, ते भांडुपचे यजमान व्हॉल्व्हवाले आहेत. मुलुंडकर काठावरचे. ठाणेकर आणि खोकंवाले डोंबिवलीकर हे कडवे ट्रान्झिस्टरवाले, आणि डोंबिवलीकरांनी तर आपला अ‍ॅम्प स्वतःच्या हाताने जोडलेला. लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग आणून केलेल्या त्या अ‍ॅम्पबद्दल ते फार बोलत नाहीत. फक्त मधूनमधून झाकण उघडून दाखवतात.

यजमान राहतात लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका टॉवरमध्ये. या रस्त्यावर एकेकाळी गेस्ट कीन विल्यम्स होती, एशियन पेंट्स होती. अशाच एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, धडाधड पत्रा कापणाऱ्या यंत्रांशेजारी त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि निवृत्तीचे पैसे हातात पडल्यावर कानांचे लाड सुरू केले. तरुण माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. पन्नाशी उलटली की बहुतेकांचं बारा हजारांवरचं मावळतं. प्रेस शॉपवाल्यांचं तर त्याआधीच. यजमानांचा जोड बेचाळीस हजार हर्ट्झपर्यंत पोचतो. मधल्या तीस हजारांचं काय होतं, हे मला कळत नव्हतं. पण बैठक सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा येऊन दाराशी बसतो. माझ्या मते त्या यंत्राची पुरी किंमत वसूल करणारा तोच एकटा.

या शौकाला दोन गोष्टी लागतात, कोरडी हवा आणि शांतता. म्हणून आमच्या यजमानांनी भांडुप निवडलं, असं वहिनी म्हणतात. पश्चिमेला विहार तलाव आणि जंगलाचे डोंगर, पूर्वेला मिठागरं आणि खाडी. ओल दोन्हीकडून चालून येते. फिल्मवर ओल धरली की विद्युतभार निसटतो, एक कान हळू बोलू लागतो, कधी आतून बारीक शीळ येते. त्यामुळे पावसाळाभर इअरस्पीकर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांच्या राशीत निजतो. "माझ्या शालूला यातल्या निम्म्या पुड्या मिळाल्या असत्या, तर तो आज नेसता आला असता," हे वहिनींचं वाक्य. एका जुलैत त्यांनी व्हॉल्व्हच्या उबेवर नातवाचे मोजे वाळत घातले. यजमानांनी तेव्हा केलेला आवाज कोणत्याही इअरस्पीकरमधून निर्मळच ऐकू आला असता.

विजेचं प्रकरण वेगळंच. यजमानांचा अ‍ॅम्प जपानच्या घरगुती बाजारातला, शंभर व्होल्टवर चालणारा. आपल्याकडे दोनशे तीस. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर आला, आणि तो गुणगुणतो. लाखाच्या यंत्राशेजारी काही शेकड्यांतला हा डबा 'सा' लावून बसलेला असतो. त्याला गोधडीत गुंडाळून बाल्कनीत ठेवलं जातं. त्यातून भांडुपला वीज महावितरणची, आणि विक्रोळीला दुसऱ्या कंपनीची. कुठली वीज जास्त गोड, या शंकेने यजमान एकदा सगळा सरंजाम घेऊन विक्रोळीच्या मेहुण्याकडे जाऊन आले. निर्णय झाला नाही, कारण मेहुण्याच्या घरी पंखा बंद करायला कोणी तयार नव्हतं. जपानात काही शौकिनांनी शुद्ध विजेसाठी घरासमोर स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब उभारलाय. हे कळल्यापासून सोसायटीच्या आवारातल्या बॅडमिंटनच्या जागेकडे यजमान एकटक बघत उभे असतात.

आता बैठक. चौघं-पाचजण जमतात. पोहे होतात; त्यावर शेव नाही, कारण कुरकुर. हात धुऊन, पुसून, पुन्हा पुसून झाले की पहिला मानकरी खुर्चीत बसतो. जोड डोक्यावर चढवताना आतली हवा दाबली जाते आणि फिल्म एक विचित्र आवाज करते. जगभरच्या पंथात त्या आवाजाला जे नाव आहे, ते वहिनींसमोर घेता येत नाही. मग गाणं सुरू होतं, आणि ते फक्त त्या एकालाच ऐकू येतं. बाकीचे त्याचं तोंड बघत बसतात. सारा प्रकार मुलगी पाहायला गेल्यासारखा: पोहे तेच, दबलेले आवाज तेच, आणि आतल्या आत मांडलेला पैशाचा हिशेबही तोच. भुवई उचलली की मुलुंडकर विचारतात, "बेस?" मान हलली की ठाणेकर विचारतात, "वरचं?" बसलेल्याला काहीच ऐकू जात नाही, म्हणून तो ओरडून सांगतो, "हवा! हवा आहे!"

हवा असणं चांगलं. काळोख असणंही चांगलं: दोन स्वरांच्या मधली शांतता पुरेशी काळी हवी. स्टेज रुंद हवं, पडदा उठायला हवा. राग कुठला, हे कोणी सांगत नाही. 'यादों की बारात'मधलं, आर. डी. बर्मननी पेल्यावर चमचा वाजवून सुरू केलेलं ते १९७३ सालचं गाणं दर बैठकीत लागतं. पहिली किणकिण झाली की बंद. पुढे आशाबाई गातात, एवढं ऐकीव ज्ञान सगळ्यांना आहे. ईगल्सच्या १९९४ सालच्या मैफलीतल्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चीही सुरुवातीचा ढोलच तेवढा होतो. याच मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांचीही एक संस्था आहे, १९९० साली स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'. ती मंडळी तीन मिनिटांच्या गाण्यासाठी तीन मिनिटांची खरखर आनंदाने सोसतात. आमची मंडळी खरखर नाही ना, हे पाहण्यासाठी गाणं सोसतात.

तुलना मात्र शास्त्रोक्त होते. जरा मोठा वाजणारा अ‍ॅम्प माणसाला हमखास सरस वाटतो, म्हणून दोन्हींची पातळी मल्टिमीटर लावून जुळवायची. त्यात तास जातो. शिवाय कानाची आठवण काही सेकंदांचीच, म्हणून एका अ‍ॅम्पवरून दुसऱ्यावर झटकन जायला हवं. डोंबिवलीकर झटकन उठतात, पिन काढतात, चष्मा शोधतात, पाच भोकं पाच पिनांशी जुळवतात, मध्येच झाकण उघडून दाखवतात. तोवर पहिला अ‍ॅम्प कसा वाजत होता, हे कोणाच्याच लक्षात नसतं आणि चर्चेला जोर चढतो.

अडचण एकच: हे इअरस्पीकर पाठीमागून उघडे असतात. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. म्हणजे सगळं भांडुप आत येतं. शेजारच्या कुकरची शिट्टी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, भंगारवाल्याची हाळी उजवीकडे जरा मागे, आणि ट्रकचा हॉर्न अगदी मधोमध. मुलुंडकरांनी एकदा पाच मिनिटं एका ध्वनिमुद्रणातल्या चिमण्यांची स्तुती केली. चिमण्या बाल्कनीत होत्या.

अशा वेळी मग जर्मनीतल्या सेनहायझरचा विषय निघतो. १९९१ सालचा त्यांचा 'ऑर्फियस', तीनशेच्या आसपास बनलेला. आणि त्याचा २०१५ साली जाहीर झालेला वारस, इटलीतल्या कॅराराच्या संगमरवरात बसवलेला, सुरू केला की व्हॉल्व्ह आपोआप वर उगवणारा. तेव्हाची किंमत पन्नास हजार युरो. "तेवढ्यात वांगणीला घर येतं," वहिनी आतून सांगतात. "तिथे आवाजही कमी," असं यजमान म्हणतात, आणि हा संवाद तिथेच थांबवलेला बरा.

या माघ महिन्यातली बैठक मात्र वेगळी झाली. खाली भजनाची तालीम चालली होती. भांडुपात कोकणची माणसं पुष्कळ, आणि माघी गणपतीला डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ठरलेली. पखवाज स्टेजच्या मधोमध येऊ लागला, तेव्हा यजमान खाली विनंती करायला गेले आणि बुवांनाच घेऊन वर आले. बुवांच्या काखेत वर्गणीचं पावतीपुस्तक होतं. त्यांना पोहे दिले. पाहुणा म्हणून खुर्चीत बसवलं, हात पुसायला लावले, जोड चढवला. योगायोगाने ध्रुपद लागलं होतं.

बुवांनी भुवई उचलली नाही. मान हलवली नाही. 'हवा' म्हणाले नाहीत. दोन मिनिटांनी जोड काढून हातात दिला.

"बरा असा," बुवा म्हणाले. "पण डाव्या अंगाची कणीक सुकली हा. वाजवणाऱ्यान परत लावूक होयी होती."

खोलीत काळाकुट्ट काळोख पसरला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात आणि ती सुकत गेली की नाद चढतो, हे या मंडळींपैकी कोणाच्या गावीही नव्हतं. हेच ध्रुपद ते कितीतरी महिने ऐकत होते, आणि त्यात त्यांना ऐकू आला होता तो फक्त ध्वनिमुद्रण झालेल्या खोलीचा आकार.

मंडळी ओशाळतील, असं मला वाटलं. पण मुलुंडकर पहिल्यांदा भानावर आले. "कणीक ऐकू आली त्यांना!" ते ओरडले. "व्हॉल्व्हवर कणीक ऐकू येते!" लगेच डोंबिवलीकरांनी पिन बदलली, चष्मा शोधला, आणि आपल्या अ‍ॅम्पवर कणीक जास्त ओली येते असं जाहीर केलं. ठाणेकरांनी दोन्ही अ‍ॅम्प आळीपाळीने ऐकले, मग स्वतःचा लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. बुवांनी तेवढ्यात प्रत्येकाची एकशे एकाची पावती फाडली. "डबलबारीक येवा," ते निघताना म्हणाले, "म्होरं बसा. पखवाज कानाकडेच वाजतलो."

"साउंड कुठला असतो?" मुलुंडकरांनी विचारलं.

"साउंड? चार भोंगे असत."

कोणी गेलं नाही. पण त्या रविवारपासून पंथात हवा आणि काळोख मागे पडले. आता कणीक बघतात. ठाणेकरांनी महिन्याभरात आपला अ‍ॅम्प विकायला काढला. माणूस सज्जन, दोष लपवण्यातला नाही. बोरिवलीच्या गिऱ्हाइकाला त्यांनी फोनवर आधीच सांगून टाकलं, "आवाज स्वच्छ आहे, स्टेज मोठं आहे, पण कणीक नाही."

पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग गिऱ्हाईक म्हणालं, "मग पाच हजार कमी करा."