प्रकाशक : लेखिका स्वतः

मराठी लेखकाला एक जन्मसिद्ध हक्क असतो, तो म्हणजे प्रकाशकाच्या नावानं बोटं मोडणं. मानधन दिलं नाही, मुखपृष्ठाची वाट लावली, गठ्ठे गोदामात वाळवीला घातले. कुठल्याही साहित्य संमेलनात चहाच्या रांगेत उभं राहा, दुसरं काही ऐकू येणार नाही. हा हक्क मी पदरचे पैसे खर्चून गमावला. नोकरीत असताना जिल्हाभर केलेल्या एस.टी. प्रवासावरचे माझे लेख मी स्वतःच पुस्तकरूपानं काढले.

तेव्हापासून या एका देहात दोन बाया नांदतात. लेखिका रात्री-अपरात्री उठून बसते आणि विचारते, "हे वाचणार कोण? बाई, कुणाला पडलीय तुझ्या लाल डब्याची?" प्रकाशिका कूस बदलत म्हणते, "ते नंतर बघू. आधी कागद सत्तर जीएसएम घ्यायचा की ऐंशी, ते सांग आणि झोप." लेखिकेला समजूत घालणारं कुणीतरी हवं असतं; प्रकाशिकेला उद्या सकाळी दहाला छापखान्यात जायचं असतं.

पहिली चकमक आयएसबीएनच्या अर्जावरून झाली. हा क्रमांक आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी एजन्सीकडून मिळतो, तोही फुकट. अर्ज ऑनलाइन, त्यात प्रकाशकाचं नाव विचारतात. तिथं स्वतःचंच नाव लिहिताना लेखिकेचा हात कापला. पण क्रमांक आला. तेरा आकडी, ९७८नं सुरू होणारा. त्यातला शेवटचा आकडा म्हणे आधीचे बारा बरोबर आहेत ना, ते तपासायलाच असतो. लेखिकेला हे फार आवडलं. एखाद्या लेखाच्या शेवटीही असा आकडा बसवता आला असता, तर मुद्रितशोधन करताना निम्मी झोप वाचली असती.

खरी परीक्षा छापखान्यात झाली. "मॅडम, मजकूर भरतोय १३७ पानं," मालक म्हणाले. "सोळा पानांचा एक फॉर्म. नऊ फॉर्म धरले तर १४४. सात पानं कोरी जातायत."

"जाऊ द्यात की," मी म्हटलं.

"कोऱ्या पानांचेही पैसे पडतात."

लेखिकेनं लगेच संधी साधली. नऊ पानं उडवू, आठ फॉर्ममध्ये बसवू. कुठली उडवायची? तिच्या मते पहिली नऊ. नाहीतर शेवटची नऊ. मधली नऊही चालतील. तिचा उत्साह असा वाढत गेला की पाच मिनिटांत पुस्तकाचं पत्रक झालं असतं. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कापाकापी नको. सगळं सेटिंग हलतं. मनोगत वाढवा. सगळे तेच करतात."

झालं! जिला ‘लेखिकेविषयी’ या मथळ्याखाली जन्मगावापलीकडे काही सुचत नव्हतं, तिनं स्वतःविषयी आणखी सात पानं लिहायची होती, तीही शनिवारपर्यंत. दोन पानांचं मनोगत नऊ पानांचं झालं. बालपण आलं, आजोळ आलं, शाळेतल्या निबंधाचं बक्षीस आलं. ऋणनिर्देशात आगारप्रमुखांपासून खिडकीची जागा दिलेल्या अनोळखी आजींपर्यंत कुणी सुटलं नाही. न्यूनगंड घालवायला लोक शिबिरांना जातात. मला विचाराल तर फॉर्म पुरा करायला बसवावं.

मनाला उभारी यावी म्हणून मी ज्ञानकोशकार केतकरांना आठवत होते. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस. ज्ञानकोशासाठी त्यांनी रीतसर कंपनी काढली, वर्गणीदार जमवत हिंडले, तेवीस खंड पुरे केले. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, हे लेखिकेनं ताबडतोब सांगितलं. "त्यांना तेवीस खंड खपवायचे होते, तुला एक खपत नाही!" प्रकाशिका खेकसली.

गठ्ठे आले. खाकी कागदातले, सुतळीनं आवळलेले. दिवाणातल्या रजया बाहेर आल्या आणि पुस्तकं आत गेली. "अगं, आता थंडीत पांघरायचं काय?" ह्यांनी विचारलं. नातेवाइकांनी उदार मनानं ‘सप्रेम भेट’ स्वीकारली. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानदारानं पुस्तक उलटंसुलटं केलं, वजन केल्यासारखं तळहातावर धरलं आणि म्हणाला, "चाळीस टक्के. विकलं तर पैसे." लेखिका निम्म्यावर यायलाही तयार होती, प्रकाशिकेनं तिला मागं ओढून पस्तिसावर तोडलं.

मग कायदा कळला. १९५४ सालच्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशकानं स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवायची, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांनाही. न पाठवल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम. हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. कमिशन न कापता माझ्या पुस्तकाची पूर्ण किंमत धरणारी एवढी एकच जागा मला भारतात सापडली. चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयात माझी कराड-चिपळूण गाडी कोण पकडणार, हा प्रश्न लेखिकेनं काढलाच, पण तोवर प्रकाशिका टपाल कार्यालयाच्या खिडकीशी पोचली होती.

आणि एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज वयस्कर, तक्रारीचा.

"प्रकाशक बोलताय का?"

"हो."

"तुमच्या पुस्तकात तेहतीस ते अठ्ठेचाळीस पानं दोनदा आलीत. एकोणपन्नास ते चौसष्ट गायबच. घाटात गाडी बंद पडली, ड्रायव्हर खाली उतरला, आणि एकदम पुढं लग्नाचं वऱ्हाड! मधे झालं काय?"

बाइंडिंगवाल्याकडे एक फॉर्म दोनदा पडला होता आणि पुढचा राहिला होता. प्रकाशिका माफी मागत पत्ता लिहून घ्यायला लागली, टपालखर्चाचा हिशोब मांडायला लागली. लेखिकेला मात्र एवढंच ऐकू आलं होतं, की कुणीतरी अठ्ठेचाळीस पानं वाचली, त्यातली सोळा दोनदा, आणि तरी पुढची मागतोय.

"लेखिकाही मीच," तिनं मधेच तोंड घातलं.

"असं होय? बरं झालं, समक्षच सांगतो. गाडी झकास चाललीय. पण ते मनोगत, ताई, भलतंच लांबलंय."