लंगडी गाय, हिरवा दिवा

मार्चएंडच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये आकडे वाचायची पद्धत आता बंद झाली आहे. त्याला चष्मा लागतो. साहेब पडद्याकडे बघतात ते रंगांसाठी. हिरवं दिसलं की चहा मागवतात, पिवळं दिसलं की ‘जरा लक्ष घाला’ म्हणतात, आणि लाल दिसलं की दार लोटून घ्यायला सांगतात.

ही सोय कंडिशनल फॉरमॅटिंगची. एक्सेल ९७मध्ये ती आली तेव्हा एका खान्याला जेमतेम तीन अटी घालता येत. २००७च्या आवृत्तीत ही मर्यादा उठली आणि सोबत रंगपट्ट्या, बाण, सिग्नलचे दिवे असा सगळा बाजार भरला.

समजा, पाच शाखांनी टार्गेटच्या किती टक्के धंदा केला त्याचा तक्ता आहे. नाशिक ४१, कोल्हापूर ३८, सोलापूर ३५, नांदेड ३३, अकोला ३१. दहावीच्या हिशेबानं शेवटचे दोघे नापास, बाकीचे काठावर. आता रकाना सिलेक्ट करून तीन दिव्यांचा संच लावा आणि पुढे कशालाही हात लावू नका. नाशिक-कोल्हापूर हिरवेगार, सोलापूर पिवळं, नांदेड-अकोला लाल! अर्धं टार्गेट कोणीच गाठलेलं नाही, पण दोन शाखाप्रमुख पार्टी कुठे करायची ते विचारतायत.

एक्सेलला दोष देऊ नका. टार्गेट म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंय? ते बिचारं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा बघतं, मधल्या अंतरात ३३ आणि ६७ टक्क्यांवर रेघा मारतं आणि दिवे लावून मोकळं होतं. वासरात लंगडी गाय शहाणी, हे तिथलं डीफॉल्ट सेटिंग आहे. पुढच्या वर्षी पाचही शाखांनी १०८ ते ११८ टक्के धंदा केला, तरी ११०वाल्याच्या वाट्याला लाल दिवाच. पॉवर बीआयमध्येही नियम लिहिताना ‘पर्सेंट’ निवडलंत तर तीच गत: तुमचे पन्नास टक्के म्हणजे त्याच्या लेखी लहान-मोठ्या आकड्यांमधला मध्य.

यावर उपाय आहे. ‘मॅनेज रूल्स’ उघडायचं, ‘पर्सेंट’च्या जागी ‘नंबर’ निवडायचं, हिरव्यासाठी १०० आणि पिवळ्यासाठी ८० लिहायचं. दोन मिनिटांचं काम. एका नव्या पोरानं ते केलं. अख्खा रकाना लालभडक. साहेबांनी रिपोर्ट बिघडलाय म्हणून आयटीला फोन लावला.

मग तडजोड झाली. ८०चे ६० झाले, ६०चे ४०. शेवटी ‘लाल रंगानं स्टाफचं मनोधैर्य खचतं’ असा शेरा आला आणि पोराचा नियम पुसून जुने दिवे परत लावले गेले.

खरी अक्कल दाखवली ती अकोल्यानं. सर्वांत तळाला असल्यामुळे त्यांनी त्या रेघांचा अभ्यास केला होता. त्यांचा प्रस्ताव असा, की कणकवलीला सहावी शाखा काढावी आणि तिचा आकडा आत्तापासूनच तक्त्यात घ्यावा: शून्य. शून्यापासून ४१पर्यंतच्या अंतरात हिरव्याची रेघ येते साडेसत्तावीसच्या आसपास. म्हणजे ३१वालं अकोलाही हिरवं!

प्रस्ताव एकमतानं मंजूर झाला. कणकवलीत जागा अजून बघायची आहे, माणूसही नेमलेला नाही. पण पाच शाखा एका फटक्यात हिरव्या करणारी शाखा म्हणून वार्षिक बक्षिसासाठी तिचंच नाव पुढे आहे.