उणे चाळीस बेअरिंग

भोसरी असो, सातपूर असो की गोकुळ शिरगाव, एमआयडीसीतला कारखानदार एखाद्या औद्योगिक प्रदर्शनाला जाऊन आला की पिशवीभर माहितीपत्रकं आणि ईआरपी सॉफ्टवेअर बसवायचा निर्धार घेऊनच परततो. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, हिशेब, सगळं एका पडद्यावर! मालकांना मोबाइलवर कारखाना दिसणार. कारखान्याला मालक दिसत नाहीत, ही तक्रार वेगळी. अशा नवख्या मंडळींसाठी या काही अनुभवसिद्ध सूचना.

सुरुवात आयटम मास्टरपासून. प्रत्येक वस्तूला एक नाव, एक कोड. हे काम सर्वांत नव्या पोराला द्यावं; बाकीच्यांना कामं असतात. तो जुन्या एक्सेल फायली जशाच्या तशा चढवतो आणि '६२०४ बेअरिंग', 'बेरिंग ६२०४', 'बीआरजी-६२०४', 'बेअरिंग पंपाचं' असे एकाच बेअरिंगचे चार अवतार होतात. पहिला संपला म्हणून खरेदी खातं ऑर्डर टाकतं, तेव्हा तिसरा रॅकवर धूळ खात पडलेला असतो. पत्रा किलोवर येतो आणि नगावर दिला जातो. एका नगाचे किलो किती, असं सिस्टिम विचारतेच. तिथे खुशाल १ टाकावा. साडेतीन टन पत्रा आला की साठ्यात साडेतीन हजार पत्रे दिसतात आणि बँकेला स्टॉक स्टेटमेंट देताना छाती फुगते.

मग अधिकारवाटप. खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन आणि पुरवठादाराचं बिल जुळल्याशिवाय पैसे सुटू नयेत, म्हणून तीन माणसं आणि तीन लॉगिन. मंजुरी मात्र मालकांचीच हवी, अगदी खराट्याच्या खरेदीलाही. चौथ्या दिवशी मालक कंटाळून पासवर्ड अकाउंटंटला देतात. पुढे स्टोअरचा आणि खरेदीचाही पासवर्ड त्याच्याच मॉनिटरवर चिकटतो. आता तिन्ही कागद हमखास जुळतात, कारण तिन्ही तोच बनवतो.

कस्टमायझेशनच्या बाबतीत अजिबात नमतं घेऊ नये. 'आमची पद्धत वेगळी आहे' हे वाक्य प्रत्येक बैठकीत प्रत्येक खात्याने म्हणावं. यात संकोच कसला? जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीला साठ्याचं मूल्य खरेदी किमतीने मोजायची सवय होती, सॅप या ईआरपी सॉफ्टवेअरची रीत विक्री किमतीची. सवय सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअरच वाकवत गेले. सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८ मध्ये त्यांनी तो प्रकल्प गुंडाळला. तुमचा खर्च त्यापुढे चहापाण्याचा.

मुहूर्त हंगामाच्या तोंडावर धरावा. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत नवी व्यवस्था सुरू केली आणि हॅलोवीनला सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचवता आल्या नाहीत. आपल्याकडे १ एप्रिल उत्तम. आदल्या रात्री साठा मोजायचा असतो, पण मार्चअखेरचं डिस्पॅच चालू असल्यामुळे मोजणाऱ्याच्या डोळ्यांदेखत माल ट्रकमध्ये चढत असतो.

आता सर्वांत मोलाची युक्ती. माल गाडीतून थेट मशिनवर जातो, जीआरएन शनिवारी होतो. मधल्या काळात सिस्टिम अडून बसते: साठाच नाही, देऊ काय? सेटिंगमध्ये 'उणे साठा चालेल' असा एक चौकोन असतो. त्यावर टिक करावी. मग पडद्यावर उणे ४० बेअरिंग निवांत नांदतात आणि उत्पादन थांबत नाही. खरा आकडा हवा असेल तर स्टोअरकीपरची लाल डायरी आहेच. तो रजेवर गेला, तर फोन आहे.

काही हेकट कारखाने यातलं काहीच ऐकत नाहीत. ते सॉफ्टवेअर घेण्याआधी गोदाम मोजतात, चार बेअरिंगांचं एक करतात, तो चौकोन रिकामा ठेवतात. जीआरएन झाल्याशिवाय माल मशिनवर जात नाही. आठवडाभर लाइन अडते, शिव्या होतात, मालकांनाही रांगेत थांबावं लागतं. हळूहळू कळतं, की निम्मी टंचाई आपल्याच रॅकवर होती. अशा कारखान्यांकडे कन्सल्टंट पुन्हा फिरकत नाहीत. बिल कशाचं करणार?