भाड्यातच आहे ना पाणी!

‘पाणी भाड्यातच आहे ना, मग वापरू दे की!’ पुणे, ठाणे, नवी मुंबई, कुठल्याही भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे वाक्य कानावर पडतं. बोलणारी माणसं वाईट नसतात. भरमसाट भाडं, वर डिपॉझिट, एजंटची दलाली, अकरा महिने सरले की पुन्हा करारनाम्याचा खर्च. एवढं मोजल्यावर जे हाताला लागेल ते पुरेपूर वसूल करावंसं वाटणं समजू शकतं. पटत मात्र अजिबात नाही.

कारण ही वसुली होते कुणाकडून, ते बघा.

राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाणीपट्टी फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून लावायची असते. तुम्ही किती लिटर सांडलंत याची नोंद कुठेच होत नाही. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की बहुतेक ठिकाणी एवढाही हिशेब राहत नाही. दहा हजार लिटरचा टँकर फाटकाशी लागतो, वॉचमन जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण सरकवतो, जाड पाइप आत सोडतो, खजिनदार वहीत एक रेघ ओढतो. महिनाअखेर त्या रेघांची बेरीज होते आणि तिला फ्लॅटच्या संख्येनं भागतात. पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी दोन बादल्यांत आंघोळ-धुणं उरकतात. वरच्या फ्लॅटमध्ये पाच जण आहेत, शॉवर आहे, रोज मशीन लागतं. दोघांच्या बिलात टँकरची रक्कम एकच. वरच्यांना वाटतं, आपण मालकाकडून वसूल करतोय. मालक भाडं ठरवतानाच सगळं धरून बसलेला असतो. पैसे जातात ते आजींच्या पेन्शनमधून.

पाच माणसं म्हणून जास्त पाणी लागलं, तर त्याला माझी हरकत नाही. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकषच माणशी रोज 135 लिटरचा आहे. पाच जणांचे पावणेसातशे लिटर होतात. राग येतो तो गळक्या फ्लशचा. कमोडमध्ये पाण्याची बारीक धार रात्रंदिवस चालू असते, घरातल्या प्रत्येकाला ती दिसते, आणि कुणीही मालकाला फोन करत नाही. बिल आपल्याला थोडंच येतं! वायसर बदलायला प्लंबरला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी महिनोन्‌महिने पाणी जाऊ देणं ही चोरीच आहे, आणि मी तिला दुसरा शब्द वापरणार नाही. आरओच्या नळीचंही तेच. एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर बाहेर पडतं; नळी बादलीत सोडली तर त्यात फरशी पुसून होते. सिंकमध्ये सोडायला मात्र कष्ट पडत नाहीत.

विजेचं गणित तर याहून कडक. पीजीच्या कितीतरी खोल्या एकाच मीटरवर असतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: 100 युनिटपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा, पुढे सगळ्यात चढा. म्हणजे संध्याकाळी खोली गार मिळावी म्हणून दिवसभर रिकाम्या खोलीत एसी चालू ठेवणाऱ्याचं युनिट बिलातलं सर्वांत महागडं युनिट असतं. पुढच्या वर्षी पीजीचं भाडं वाढतं तेव्हा ते त्या एकट्याचं वाढत नाही. फक्त पंख्यावर झोपणाराही तेवढंच भरतो.

भाडेकरूंनाच झोडपून मोकळं होणाऱ्यांत मी नाही. जिन्यातल्या प्लगवर रात्रभर स्कूटर चार्ज करणारे कित्येकदा चांगले फ्लॅटमालकच असतात. लिफ्टच्या, पंपाच्या सामायिक बिलात ते युनिट मिसळून जातात आणि वार्षिक सभेत हेच लोक ‘भाडेकरूंमुळे बिल वाढलं’ म्हणून सांगतात. काही घरमालक खोलीत सब-मीटर बसवतात आणि वाटेल तो दर लावतात. वीज कंपनीचं मूळ बिल मागितलं तर दाखवत नाहीत. तेही तितकंच गैर. ‘सोसायटी आमच्या नावावर जादा पैसे घेतेच की’ असं काही भाडेकरू म्हणतात. ते पैसे म्हणजे बिनभोगवटा शुल्क; फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून ते मालकाला भरावं लागतं, 2001 पासून ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही, आणि पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या जोरावर नळ सोडून ठेवता येणार नाही.

मुंबईकरांनी तर याबाबतीत तोंड उघडण्याआधी शहापूरकडे बघावं. भातसा, तानसा, मोडक सागर ही धरणं त्या तालुक्याच्या अंगाखांद्यावर. त्यांचं पाणी नळानं मुंबईत येतं आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. दादर-अंधेरीत ज्याला आपण भाड्यात आलेलं, फुकटचं पाणी म्हणतो, ते त्यांच्या डोळ्यांदेखत पुढे गेलेलं असतं.

याला उपाय एकच: प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा स्वतंत्र मीटर. खर्च येतो, जुन्या इमारतींत एका फ्लॅटला तीन-चार ठिकाणांहून पाइप येतात म्हणून काम किचकट होतं, सगळं खरं. पण त्यावाचून आजींना न्याय मिळणार नाही. तोवर करारनामा करताना वीज-पाण्याची मर्यादा आणि त्यापुढचा दर दोघांनी लिहून घ्यावा, आणि नळ गळला तर किती दिवसांत सांगायचं नि किती दिवसांत दुरुस्त करून द्यायचं तेही. मीटरचा ठराव सर्वसाधारण सभेतच व्हावा लागतो आणि तिथे भाडेकरूला मत नाही. तेव्हा तो विषय पत्रिकेवर आणण्याचं काम फ्लॅटमालकांचं आहे, आणि येत्या सभेतच ते त्यांनी करावं.